गुंठा हटेना, शेर परतेना

सातबाऱ्यावर ०.४०.०० असं छापलेलं असतं: हेक्टर, आर, चौरस मीटर. कागद हातात घेणारा मात्र ते वाचतो "एक एकर". इंदापूर-बारामतीच्या पट्ट्यात कुणालाही बांधावर उभं करून विचारा, रान किती? "तीन एकर, वर बारा गुंठे" असंच उत्तर येईल. हेक्टर ऐकू येतो तो कृषी खात्याच्या भाषणात, पीकविम्याच्या अर्जात आणि मंत्र्यांनी अतिवृष्टीची मदत जाहीर केली की. हाच माणूस बाजारात जातो तेव्हा दीड किलो वांगी, पाव किलो मिरची आणि दोन लिटर तेल घेतो. शेर, पायली, मण हे शब्द त्याच्या तोंडात येत नाहीत. आलेच तर म्हणीत येतात.

दशमान पद्धतीचं एक नाव एका पिढीत घरचं झालं आणि दुसरं साठ वर्षं उंबऱ्याबाहेर उभं आहे. आकडे पाहिले तर कोडं आणखी वाढतं. ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर म्हणजे ९३३ ग्रॅम. किलो त्याच्याहून सुमारे सात टक्क्यांनी मोठा, तरी नाव बदललं. गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर आणि आर म्हणजे नेमके १००. फरक सव्वा टक्क्याचासुद्धा नाही, आणि तरी नाव बदलत नाही. लोक नव्या मापाला बिचकतात की नव्या नावाला, याचा निकाल लावायला यापेक्षा चांगली जोडी शोधून सापडणार नाही.

आधी कायद्याचं पाहू, कारण तिथेच दोन वेगळे रस्ते धरले गेले. १९५५ मध्ये नाणेविषयक कायदा दुरुस्त झाला आणि १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले. १९५६ मध्ये वजनमापांचा प्रमाण कायदा आला आणि १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्यानं किलो आणि मीटर बाजारात उतरले. वजनांना देशी नावं द्यावीत की जगाची घ्यावीत, यावर त्या काळी खल झाला. शेवटी किलोग्रॅम, लिटर, मीटर ही नावं जशीच्या तशी घेतली. नाण्याच्या बाबतीत नेमकं उलट घडलं. नाव जुनंच ठेवलं, पैसा, आणि त्याच्यापुढे 'नया' लावला. चौसष्ट पैशांचा रुपया लोकांच्या अंगवळणी होता. आता शंभर पैशांचा आला, आणि दोन्ही पैसे काही काळ एकाच पिशवीत खुळखुळत होते. म्हणून टाकसाळीनं नाण्यावर 'रुपये का सौवाँ भाग' असं स्पष्टीकरणच कोरलं. नाव पुरेसं बोलत नाही म्हणून नाण्यालाच व्याख्या लिहावी लागली, अशी उदाहरणं फार नसतील.

घोळ व्हायचा तो हिशोबात. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. सरकारी तक्त्यात एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस. एकेका आण्याच्या तीन वस्तू वेगवेगळ्या घेतल्या तर अठरा पैसे आणि एकदम घेतल्या तर एकोणीस. दुकानदाराशी हुज्जत घालायला यापेक्षा जास्त काय लागतं? तरीही १ जून १९६४ ला 'नया' गळून पडला आणि पैसा पैसाच राहिला. सात वर्षांत काम संपलं. आणा मात्र कायद्यानं मेला तरी तोंडात जिवंत राहिला. पंचवीस पैशांना चाराणे आणि पन्नासला आठाणे म्हणत आम्ही वाढलो. ३० जून २०११ नंतर पंचवीस पैशांचं नाणं चालेनासं झालं, तोवर चाराणे हा शब्द चालूच होता. म्हणजे आणा व्यवहारातून गेल्यावरही त्याचं नाव जवळजवळ अर्धं शतक टिकलं, ते नव्या नाण्याच्या अंगावर बसून.

आता किलो. हे नाव रुजलं याचं श्रेय लोक कायद्याला देतात. मला त्यात अर्धंच तथ्य वाटतं. वजनमाप निरीक्षक ठरावीक मुदतीनं काटे-वजनं तपासून शिक्का मारतो. जुन्या वजनांवर शिक्का मारायचं त्यानं थांबवलं की ती भंगारात जातात. हे खरं. पण किलोला रान मोकळं मिळालं ते दुसऱ्याच कारणानं. शेर नावाचं एकच काहीतरी कधी नव्हतंच. कच्चा शेर वेगळा, पक्का वेगळा. धान्याचा शेर मापाचा, तर तुपाचा तोलाचा. चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी हे मापाचं कोष्टक. तोलाचा मण मात्र चाळीस शेरांचा. आणि मुंबईचा व्यापारी मण म्हणाला की त्याच्या मनात अठ्ठावीस पौंड असायचे. ज्याला मण विकायचा त्यानं आधी 'कुठला' हे विचारायचं. एवढ्या गोंधळात ज्याला कुणी 'कुठला' विचारत नाही असं एक वजन आलं. गरीब गिऱ्हाइकाला ते हवंच होतं. शेर गेल्याचं दुःख फारसं कुणी केलं नाही, कारण शेरात बुडालेले बरेच होते.

दुसरं कारण भाषेतलं आहे आणि त्याकडे कुणी बघत नाही. मराठी माणूस मोजतो ते एक-दोन-तीन असं नाही. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडेतीन असं मोजतो. पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे घोकून घ्यायचे. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, हे आजच्या मास्तरांनाही सांगावं लागेल. या शब्दांना कुठलंही नाव चालतं. पावशेराचा पाव किलो झाला, अच्छेराचा अर्धा किलो, अडीच शेराचा अडीच किलो. जीभ वळवावी लागली ती फक्त शेवटच्या शब्दापुरती. त्यातही लोकांनी किलोग्रॅममधला ग्रॅम काढून टाकला. ग्रीक भाषेत 'किलो'च्या मुळाशी हजार आहे. तेव्हा दोन किलो कांदे मागणारा खरं तर दोन हजार कांदे मागत असतो! पण नाव दोन अक्षरांचं झालं आणि शेराच्या जागी अलगद बसलं. गंमत अशी की दशमान पद्धतीचा जीव ज्या दहाच्या पटीत आहे, ती पट बाजारात आलीच नाही. डेसिग्रॅम, हेक्टोग्रॅम ही नावं पाठ्यपुस्तकाच्या कोष्टकात जन्मली आणि तिथेच राहिली. दोनशे ग्रॅम जिरं कुणी मागत नाही, पाव किलो नाहीतर शंभर ग्रॅम मागतं. आम्ही दशमानाची वजनं घेतली आणि ती चौथाईत मोजली.

क्विंटलचं तर आणखी वेगळं. हे नाव दशमान पद्धतीच्या घराण्यातलं नव्हेच. अरबी किन्तारमधून युरोपात गेलेलं आणि तिथून शंभर किलोला चिकटलेलं हे बाजारी नाव आहे. पण बाजार समितीच्या आवारात ते असं रुजलं की ज्वारी, मका, तूर यांचे भाव दुसऱ्या कशात सांगताच येत नाहीत. कारण पोतं. शंभर किलोचं पोतं हमालाच्या पाठीवर होतं, आणि एकशेवीस शेरांचा पल्ला ज्यांनी पाहिला होता त्यांना क्विंटल म्हणजे त्याचाच धाकटा भाऊ वाटला. पाठीवर पोतं आधीच होतं. त्याला नाव मिळालं एवढंच.

जमिनीकडे वळलं की ही सगळी कारणं उलटी होतात, आणि इथे इंदापूरला मानाचं पान द्यावं लागतं. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली. त्या आधी या मुलखात जमीन बिघा आणि चाहूर यांत सांगत. वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा चाहूर. काठी किती हातांची आणि हात कुणाचा, यावर सगळं अवलंबून. कंपनी सरकारच्या प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं १८२० च्या दशकाच्या अखेरीस पुणे जिल्ह्याची मोजणी केली. त्याच्या सारा आकारणीखाली शेतकरी भरडून निघाला आणि गावं ओस पडू लागली. मग गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट या जोडीनं १८३५ मध्ये पुन्हा काम हाती घेतलं, ते इंदापूर तालुक्यापासून. आकारणी उतरवली आणि तीस वर्षांसाठी पक्की केली. मुंबई इलाख्यातली पुढची सगळी जमाबंदी या इंदापुरी नमुन्यावर उभी राहिली. १८४७ च्या संयुक्त अहवालानं त्यावर शिक्कामोर्तब झालं.

या मोजणीची साखळी तेहतीस फुटांची. तिचा चौरस म्हणजे १०८९ चौरस फूट म्हणजे एक गुंठा. गुंठ्याचे सोळा आणे आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. गुंठा शब्द कानडी-तेलुगू मुलखातही आहे, एकर तर सरळ इंग्रजांचा. आज हेक्टर परका आणि एकर आपला असं ज्यांना वाटतं, त्यांच्या पणजोबांच्या पणजोबांना एकर हाच परका होता. त्यांनी बिघा सोडला आणि एकर धरला, आणि त्याचं कारण शेर सुटण्याच्या कारणासारखंच आहे. बिघा गावोगाव वेगळा होता, एकर सगळीकडे एकच. शिवाय एकराबरोबर हद्दीचे दगड आले, सर्व्हे नंबर आला आणि तीस वर्षं न वाढणारा सारा आला. ज्या नावाबरोबर सवलत येते ते नाव लोक लवकर शिकतात.

यावरून माझं एक मत झालं आहे. जुनं नाव मरतं ते नवं चांगलं म्हणून नाही, जुनं गावोगाव वेगळं असलं म्हणून मरतं. शेर, मण, पायली, बिघा, कोस ही सगळी ढिली मापं होती, ती गेली. गुंठा, एकर, फूट, इंच, तोळा, आणा ही इंग्रजी अमलात एकदा घट्ट बांधली गेलेली मापं. ती हटत नाहीत, आणि हटलीच तर नाव मागे ठेवून जातात. दशमान पद्धत आली तेव्हा ढिल्या मापांच्या जागी ती आरामात बसली. घट्ट मापांच्या जागी तिला जागाच नव्हती, कारण तिथे लोकांची काही तक्रारच नव्हती.

या नियमाला अपवाद आहेत, ते लपवत नाही. मैल घट्टच होता, तरी गेला. रतल म्हणजे पौंड, तोही घट्ट, तोही गेला. रतलाची वजनं निरीक्षकानं बाद केली आणि मैलाचे दगड सरकारनं उपटून किलोमीटरचे रोवले. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर निघतं, तिथे मैल बोलून काय करणार? मोजायचं साधन सरकारच्या हातात असलं की नाव बदलतं. जमिनीचं साधन सरकारच्या हातात नाही. वजन वितळवता येतं, पण विंगेटच्या माणसांनी बसवलेला बांध वितळवता येत नाही. शिवाय भाजी रोज घेतली जाते. किलो हा शब्द दिवसातून चार वेळा उच्चारला जातो आणि चुकला तर लगेच दुरुस्त होतो. जमीन आयुष्यात एकदा घेतात, बऱ्याचदा घेतच नाहीत, नुसती वाटून घेतात. आणि वाटताना आजोबांचं खरेदीखत काढतात. त्यात एकर-गुंठेच असतात.

आणि 'आर' हे नावही कमनशिबी निघालं. शेतकऱ्याच्या कानाला आर म्हणजे पराणीच्या टोकाला बसवलेला तो लोखंडी काटा, बैलाला टोचायचा. इवलंसं, तोंडात ठरत नाही असं नाव. 'बारा आर' म्हटलं की ऐकणारा 'बारा काय?' म्हणून विचारणारच. निदान दीड हेक्टर, अडीच हेक्टर असं म्हणता तरी येतं. 'सव्वा आर' कुणी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. हे नाव लोकांनी कधी बोलून पाहिलंच नाही. ते कागदावर आलं आणि कागदावरच राहिलं. या भागाला कागदावरच्या आकड्याचा संशय तसा जुना आहे. १२ मे १८७५ ला सुप्यात सावकारांच्या कागदांची होळी झाली, ते सुपं बारामती तालुक्यातच आहे.

सरकारनं तरी आरची बाजू धरली का? २००१ मध्ये विधिमंडळानं बेकायदा तुकड्यांवरची घरं नियमित करायला कायदा केला, आणि त्याचं अधिकृत नाव महाराष्ट्र गुंठेवारी विकास अधिनियम. दशमान पद्धत येऊन चार दशकं उलटल्यावर कायद्याच्याच नावात गुंठा! पुण्याच्या आसपास जमिनी विकून गळ्यात साखळ्या घालणाऱ्यांना लोकांनी 'गुंठामंत्री' पदवी दिली. 'आरमंत्री' हा शब्द कधी निघणार नाही, हे मी लिहून देतो. २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना सुधारला. तेव्हा शेतीचं क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये आणि बिनशेतीचं आर-चौरस मीटरमध्ये दाखवायचं ठरलं. कागद आणखी शुद्ध झाला आणि बांधावरच्या बोलण्यापासून आणखी लांब गेला. बारामतीच्या एमआयडीसीत भूखंडाचा दर चौरस मीटरवर निघतो, कारण तिथे विकणारं महामंडळ एकच. रस्ता ओलांडून खासगी प्लॉट बघायला गेलात की भाव गुंठ्याचा.

वाळू आणि मुरमाची गोष्ट याहून मजेशीर आहे. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, २.८३ घनमीटर. २००९ च्या वैध मापन कायद्यानं प्रमाण मापांखेरीज दुसऱ्या कशात भाव सांगायलाही बंदी आहे. आणि २०२३ च्या वाळू धोरणात राज्य शासनानंच वाळूचा दर जाहीर केला तो ६०० रुपये ब्रास. घनमीटरचा भाव सांगितला असता तर मंत्रालयाबाहेर कुणाला कळला असता, असा प्रश्न अधिकाऱ्यांना पडला असणार, आणि तो रास्त होता.

पाण्याचंही तसंच. या पट्ट्याचं सगळं राजकारण नीरा आणि भीमा यांच्या पाण्यावर चालतं आणि त्याचं एकक आहे टीएमसी. थाउजंड मिलियन क्युबिक फीट. शुद्ध मराठीत एक अब्ज घनफूट. जलसंपदा खात्याच्या तक्त्यात दलघमी असतं, दशलक्ष घनमीटर. उजनी धरणाची एकूण क्षमता त्यात ३३२० च्या आसपास दिसते. पण इंदापूरच्या चहाच्या टपरीवर उजनी एकशेसतरा टीएमसीची आणि भाटघर साडेतेवीस टीएमसीचं. दलघमी हे नाव दशमान आहे, मराठी आहे, नियमात बसणारं आहे, आणि त्याचा उच्चार करताना दाताखाली खडा आल्यासारखं होतं. टीएमसी हे नाव इंग्रजी, माप इंग्रजी, पण म्हणायला सोपं आणि वर्तमानपत्राच्या मथळ्यात मावणारं. भाषाशुद्धी आणि दशमान पद्धत दोघी हातात हात घालून आल्या तरी तीन अक्षरांपुढे हरल्या. खरं माप विचाराल तर शेतकऱ्याला तेही लागत नाही. कालव्याची पाळी कधी आणि विहिरीतला वाटा किती तासांचा, हे त्याचं माप.

शिवारात फिरलात तर नाव कसं टिकतं याचा दाखला पावलोपावली मिळतो. उसाची सरी साडेचार फुटी, पट्टा पाच फुटी. बोअर साडेसहा इंची आणि खोली तीनशे फूट. मोटर साडेसात एचपीची. पाइपच्या दुकानात "अडीच इंची द्या" म्हटलं की दुकानदार ज्याच्यावर ७५ मिलिमीटर छापलंय तो नळ काढून देतो. दोघांनाही काही चुकल्यासारखं वाटत नाही. पण त्याच दुकानात ठिबकची नळी मागताना शब्द बदलतो. "सोळा एमएमची लॅटरल द्या, चार लिटरचा ड्रीपर." या नळीला इंचाचं नाव कुणी दिलं नाही, कारण ठिबक आलं तेच मिलिमीटर घेऊन. नवी वस्तू आपलं नाव बरोबर घेऊन येते. जुन्या वस्तूला नवं नाव लावायला गेलं की ती ऐकत नाही. आजीला कुणी सांगावं की तुमचं लुगडं आता सव्वाआठ मीटरी? नऊवारी नऊवारीच राहणार, वार हे माप कापडाच्या दुकानातून कधीच उठलं असलं तरी.

तडजोडीचा तिसरा मार्ग आहे तो सराफकट्ट्यावर. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, बारा माशांचा, माशाला आठ गुंजा. आज सराफ तोळा म्हणतो तेव्हा त्याच्या काट्यावर दहा ग्रॅम असतात. नाव तेच ठेवून आतलं माप सातव्या हिश्श्यानं घटलं, आणि कुठे मोर्चा निघाला नाही. हीच युक्ती डच लोकांनी ठरवून केली. १८२० पासून त्यांनी किलोग्रॅमला पौंड आणि शंभर ग्रॅमला औंस अशी घरचीच नावं दिली आणि अर्धं शतक चालवली. आजही तिथल्या दुकानात औंस म्हणजे शंभर ग्रॅम. दशमान पद्धत जिथे जन्मली त्या फ्रान्सची मात्र फजिती झाली. १७९५ चा कायदा लोकांनी मनावर घेतला नाही. १८०० मध्ये किलोला जुनं लिव्ह्र नाव वापरायची मुभा दिली. १८१२ मध्ये नेपोलियननं अर्ध्या किलोचं लिव्ह्र काढलं. दोन नावं, तीन अर्थ झाले आणि शेवटी १ जानेवारी १८४० पासून सगळं मोडून मूळ नावं सक्तीची केली. चीनमध्ये जिन हे जुनं नाव आज नेमक्या अर्ध्या किलोला आहे. कोरियानं २००७ मध्ये घरांच्या जाहिरातीतून प्योंग हे जुनं माप हटवायला लावलं, तेव्हा बिल्डरांनी दर '३.३ चौरस मीटरला' असे छापले. प्योंग म्हणजे तेवढंच. आपल्याकडे उद्या गुंठ्यावर बंदी आली तर जाहिराती काय छापतील ते सांगायला नको: १०८९ चौरस फूट.

डचांसारखं आपणही किलोला शेर म्हटलं असतं तर? काम भागलं असतं, पण 'कुठला शेर' हा प्रश्न आणखी एक पिढी राहिला असता. किलो हे नाव घेतलं ते बरं झालं. उलट आरला सरळ गुंठा म्हणून शंभर चौरस मीटरचा नवा गुंठा जाहीर केला असता, तर आजचा निम्मा गोंधळ झाला नसता. एकच औषध दोन्ही रोगांना लागू पडत नाही आणि आपण दोन्हीकडे एकच दिलं.

या दोन नावांच्या कारभारात नुकसान कुणाचं होतं, तेही बघायला हवं. दिल्ली उसाचा किमान भाव, म्हणजे एफआरपी, क्विंटलवर जाहीर करते. २०२५-२६ साठी सव्वादहा टक्के उताऱ्याला ३५५ रुपये क्विंटल. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी, कुठल्याही कारखान्याच्या सभासदाला विचारा, तो टनाचा भाव सांगेल. इथे दहानं गुणलं की झालं, दोन्ही मापं दशमानच. खतात मात्र अडचण येते. विद्यापीठाची शिफारस सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्र. शेतकऱ्याचं रान एकरात आणि युरियाची गोणी ४५ किलोची. आधी अडीचनं भागा, शंभर किलो नत्र आलं. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे २१७ किलो युरिया, म्हणजे पाच गोण्यांना थोडा कमी. हे गणित करून एकरी पाच गोण्या टाकणारा हुशार. हेक्टरीचा आकडा एकरी समजून बारा गोण्या ओतणारेही आहेत, आणि त्यांचं नुकसान होतं ते नावाच्या घोळानं.

आमच्या भावकीत गेल्या उन्हाळ्यात वाटणी झाली. सातबाऱ्यावर क्षेत्र १.६२.००. चौघे भाऊ, बोली ठरली प्रत्येकाला एक एकर. चार एकराचे चार एकर, वाद नाही. कागद लिहिणाऱ्यानं 'एकर म्हणजे चाळीस आर' या चालीवर प्रत्येकाच्या नावापुढे ०.४०.०० लिहिलं. चौघांनी सह्या केल्या, पेढे वाटले. बेरीज होते १.६०.००. दोन आर कुणाच्याच नावावर गेले नाहीत, आणि ते दोन आर नेमके डांबरी रस्त्याच्या कडेचे होते. त्यानंतर मोजणी झाली, बैठक झाली, आणि आता थोरला आणि धाकटा एकमेकांच्या दारावरून जात नाहीत.

एकर म्हणजे ४०.४७ आर. त्या चौघांच्या नावापुढे ०.४०.५० लिहिलं असतं तर १.६२.०० बरोबर पुरलं असतं. बोलताना खुशाल गुंठे म्हणा, पण कागदावर आर लिहिलं असेल तर सही करण्याआधी सगळ्यांच्या वाट्याची बेरीज करून ती सातबाऱ्याशी ताडून बघा.